कुत्रं ‘मेलं’ की ‘गेलं’?

प्रश्न : आमचा मोती म्हातारा होऊन गेला. सोलापुरी चादरीत गुंडाळून त्याला शेतात पुरलं. शेजारी विचारतात, ‘कुत्रं मेलं म्हणे तुमचं?’ माणसं भली आहेत, पण ‘मेलं’ फार लागतं. ‘वारला’ म्हटलं तर घरातलेच थबकतात. मग म्हणावं काय?

प्रतिसाद : आधी तुमच्या मोतीबद्दल फार वाईट वाटलं. ‘गेला’ म्हणा, बिनदिक्कत. ‘वारला’ हे आपण माणसांपुरतं राखून ठेवलंय. ‘गेला’ला तसं कुंपण नाही. ‘मेलं’ लागतं याचं कारण मला वाटतं ‘कुत्र्याच्या मौतीनं मरणं’ ही शिवी. ज्याच्या उशाशी रात्रभर बसून चमच्यानं पाणी पाजलं, त्याच्या मरणाला ही भाषा कशी लावायची?

‘कुत्रं’ या नपुंसकलिंगाचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. लेकरू, कोकरू, पाखरू, वासरू ही सगळी त्याच लिंगातली. आई पोटच्या पोराला ‘माझं सोनं ते’ म्हणते. ‘आमचं कुत्रं गेलं’ यात मला तरी मायाच ऐकू येते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हा पेच लिंगापुरता तरी पडत नाही. ‘पोयिंदि’ म्हणजे गेली आणि गेलंही. बाई असो की कुत्रं, एकेरीत क्रियापदाचं रूप एकच. शेजारीण मराठीत ‘कुत्रं मेलं’ म्हणाली, तरी तिच्या मनात कदाचित ‘पोयिंदि’च असेल.

आणखी एक प्रतिसाद : महाभारतात महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. युधिष्ठिर ऐकत नाही. त्या कुत्र्यासाठी त्यानं वापरलेला शब्द आहे ‘भक्त’, आणि भक्ताचा त्याग हे तो घोर पाप मानतो. इतका मानाचा शब्द जुन्या ग्रंथात असताना आपण ‘मेलं’वर का थांबायचं?

‘मूठमाती’ही इथे चपखल बसतो. वर्तमानपत्रांनी तो ‘जुन्या रूढींना मूठमाती द्या’ असा झिजवला, पण मूळ अर्थ पुरताना मुठीनं माती टाकणं हाच. तुम्ही मोतीला मूठमाती दिलीत, असं सरळ म्हणता येतं.

प्रश्नकर्ती : आणि मागे जे उरतं त्याला? संध्याकाळी घर खायला उठतं. कुणी ‘सुतक पाळताय काय’ असं विचारलं.

प्रतिसाद : ‘घर खायला उठतं’ याहून नेमकं मला सुचत नाही, तेच राहू द्या. सुतक नात्यागोत्यावर ठरतं, त्याचे दिवस मोजलेले असतात. तो शब्द इथे बसत नाही. दुखवटा म्हणा. तो कुणीही कुणासाठीही पाळावा, आणि किती दिवस हे ज्याचं त्यानं ठरवावं.