मदत हवी आहे : स्क्रीन पुसली की मशीन रीसेट होतं. कर्नल मेमरीत कुठे ठेवावा?

कडक_भाकरी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. बीएस्सी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. काम एवढंच, की मशीन चालू केलं की स्क्रीनवर देवनागरीत ‘नमस्कार सोलापूर’ यावं आणि खाली घड्याळ चालावं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसातल्या जुन्या पेंटियमवर हे चालवून दाखवायचं कबूल केलंय. ‘ग्रब हा तयार बूटलोडर वापर आणि मोकळा हो’ असं सरांनी सांगून झालंय, पण बूटलोडर (सिस्टीम मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) स्वतःच लिहायचा हट्ट आहे. तेव्हा तेवढा एक सल्ला कृपया नको.

मांडणी अशी (पत्ते सगळे हेक्समध्ये). बायोस (मशीनमधला मूळ प्रोग्राम) माझा ५१२ बाइटचा बूट सेक्टर (डिस्कचा पहिला सेक्टर, बूटलोडर त्यातच) ७सी०० ला आणून ठेवतो. तो स्टॅक ९००० ला लावतो, इंट १३ ने (बायोसची डिस्क वाचायची सेवा) कर्नल (सिस्टीमचा गाभा) १००० या पत्त्यावर वाचून घेतो, इंट १० ने ३२० बाय २०० चा ग्राफिक्स मोड लावतो, जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांचा तक्ता) लोड करून १६ बिटच्या रिअल मोडमधून ३२ बिटच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये जातो, स्टॅक ९०००० ला हलवतो आणि १००० ला उडी मारतो. कर्नल सी भाषेत आहे, लिंकरलाही १००० हाच पत्ता दिलाय. शेवटी ऑब्जकॉपीने सपाट बायनरी (हेडर नसलेले नुसते बाइट) काढतो.

टेक्स्ट मोडमध्ये टायमर, कीबोर्ड सगळं छान चालत होतं. मग फाँट आणला आणि ६४,००० बाइटचा बॅकबफर जोडला. चित्र आधी त्यात काढायचं आणि मग उचलून ए०००० वरच्या व्हिडिओ मेमरीत टाकायचं. तेव्हापासून घोळ सुरू आहे. बॅकबफर न पुसता अक्षरं काढली तर ती नीट दिसतात, घड्याळही चालतं, पण स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला रंगीबेरंगी ठिपक्यांची पट्टी येते. मी तिथे काहीच काढत नाही, तरी दर वेळी तेच ठिपके त्याच जागी. ते घालवायला बॅकबफर शून्याने भरला की ठिपके जातात, अक्षरं येतात, आणि इंटरप्ट चालू केल्याक्षणी मशीन रीसेट! क्यूइमूच्या (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) लॉगमध्ये इंट २० (टायमर) नंतर ०डी (संरक्षणाची चूक), मग ०८ (डबल फॉल्ट), मग ट्रिपल फॉल्ट. इंटरप्टचा कोड एका अक्षरानेही बदललेला नाही.

---

नवी_पेठ_नेट

कर्नल वाढला आणि बूट सेक्टरवर चढला. १००० ते ७सी०० मध्ये जागा किती? २७,६४८ बाइट, म्हणजे फक्त ५४ सेक्टर. पंचावन्नावा वाचला की ज्या कोडने वाचायला सांगितलं तोच पुसला जाणार. फाँट जोडला म्हणतोस ना, झालं मग.

---

कडक_भाकरी

तो हिशेब आधीच केला होता, दादा. बायनरी २६,९१२ बाइटची आहे. ५३ सेक्टर वाचतो, एक शिल्लक राहतो. शिवाय बूट सेक्टर पुसला गेला असता तर अक्षरं तरी कशी आली असती?

---

टर्बो_काका (पुणे, मूळ गाव बार्शी)

दोन गोष्टी टाक. ऑब्जकॉपीच्या आधीची जी ईएलएफ फाइल (लिंकरने बनवलेली, हेडरसकट) आहे तिच्यावर ‘साइझ’ कमांड चालव आणि बीएसएसचा आकडा दे. आणि क्यूइमूच्या मॉनिटरमध्ये रजिस्टर बघ, जीडीटीचा बेस काय दाखवतो? उत्तर मला दिसतंय, पण आकडे तुझ्याच हातून येऊ देत.

---

कडक_भाकरी

बीएसएस ६४ हजारांच्या थोडं वर. मॅप फाइलमध्ये बॅकबफर सगळ्यात पहिला आहे, पत्ता ७९२०. जीडीटीचा बेस ७सीबी४.

---

टर्बो_काका

आता बघ. फाइल १००० पासून मोजली तर ७९२० ला संपते, म्हणून वाचताना काहीच बिघडलं नाही. पण कर्नल तिथे संपत नाही. ज्या ग्लोबल व्हेरिएबल्सना सुरुवातीची किंमत नाही ती बीएसएसमध्ये जातात आणि सपाट बायनरी काढताना ऑब्जकॉपी त्यांना सोडून देतं. फाइलमध्ये त्यांचं नावनिशाण नाही, पण लिंकरने त्यांचे पत्ते लगेच पुढे ठरवून टाकलेत. तुझा बॅकबफर ७९२० पासून थेट १७३२० पर्यंत जातो. वाटेत ७सी०० आहे. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी.

ठिपक्यांचंही सांगतो. ७९२० ते ७सी०० म्हणजे ७३६ बाइट. एका ओळीत ३२० पिक्सेल, म्हणजे पट्टी तिसऱ्या ओळीत डावीकडचे ९६ पिक्सेल सोडून सुरू होत असणार आणि चौथ्या ओळीत संपत असणार. तो तुझाच बूट सेक्टर आहे, एका बाइटला एक पिक्सेल! त्यातले शेवटचे दोन ठिपके म्हणजे ५५ आणि एए ही सही. आणखी खाली एकोणिसाव्या ओळीत, ९६ व्या पिक्सेलच्या अलीकडे थोडे ठिपके असतील. तो रिअल मोडमधला जुना स्टॅक, ९००० च्या खालचा.

आता रीसेट. बूट सेक्टरचा कोड एकदा उडी मारली की कामाचा नसतो, पण त्यातली जीडीटी कामाची असते. तू बॅकबफर पुसलास तेव्हा जीडीटी शून्य झाली. तरी अक्षरं आली, कारण सेगमेंट रजिस्टर भरताना प्रोसेसर डिस्क्रिप्टरची प्रत स्वतःच्या आत ठेवून घेतो आणि पुढे त्यावरच काम चालवतो. टायमरचा इंटरप्ट आला की मात्र सीएस (कोडचं सेगमेंट रजिस्टर) नव्याने भरावा लागतो, त्यासाठी तो परत मेमरीतली जीडीटी वाचतो. तिथे शून्य सापडलं म्हणून ०डी. ०डी चा हँडलर गाठायलाही सीएस भरायचाय, म्हणून ०८. त्याचीही तीच गत, मग रीसेट. न पुसता घड्याळ चालत होतं ते जीडीटी शाबूत होती म्हणून. इंटरप्टच्या कोडमध्ये कितीही शोधलं असतंस तरी हाती काही लागलं नसतं.

काय करायचं ते सांगतो. जीडीटी कर्नलच्या डेटा विभागात ठेव आणि कर्नलमध्ये शिरल्या शिरल्या नवीन लोड कर, सेगमेंट रजिस्टरंही नव्याने भर. लिंकर स्क्रिप्टमध्ये बीएसएसच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक चिन्ह ठेव आणि सी मध्ये जाण्याआधी तेवढी मेमरी स्वतः शून्य कर. क्यूइमूची मेमरी सुरुवातीला शून्याने भरलेली असते, काकांच्या पेंटियमची नसणार. आणि कर्नल १००० वरून हलव. ही तिसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिल्या दोन म्हणजे नुसती मलमपट्टी.

---

ग्रब_बरा

सल्ला नको म्हणालायस, तरी लिहितो. टर्बो काकांनी वर सांगितलेलं काम ग्रब गुपचूप करतो. कर्नलच्या पहिल्या ८,१९२ बाइटमध्ये मल्टिबूटचं (बूटलोडर आणि कर्नल यांच्यात ठरलेल्या पद्धतीचं) हेडर शोधतो, ईएलएफचे प्रोग्राम हेडर वाचतो. प्रत्येक हेडरमध्ये फाइलमधला आकार वेगळा आणि मेमरीतला वेगळा लिहिलेला असतो, त्या दोहोंतला फरक तो शून्याने भरतो. सपाट बायनरी काढलीस तिथेच ही माहिती फेकून दिलीस. ग्रब नको तर नको, निदान ईएलएफ वाचायला शीक.

---

टर्बो_काका

मुद्दा बरोबर आहे. पण ५१२ बाइटमध्ये ईएलएफ वाचणं, डिस्क वाचणं आणि मोड बदलणं कोंबत बसू नये. बूट सेक्टरने दुसरा टप्पा आणावा, बाकीचं त्याने करावं.

---

कडक_भाकरी

काका, ठिपके मोजले. तिसरी ओळ, ९६ पिक्सेल सोडून. एकोणिसाव्या ओळीतलेही सापडले, ते आजवर दिसलेच नव्हते! जीडीटी हलवली, रीसेट थांबलं.

आता कुठे हलवू? सगळे एक एमबी म्हणतात, पण इंट १३ ला सेगमेंट आणि ऑफसेट द्यावा लागतो, तो एक एमबीच्या वर पोचत नाही ना?

---

टर्बो_काका

थेट पोचत नाही, वर जेमतेम ६४ केबी. घाई असेल तर १०००० ला ठेव. तिथून ९०००० च्या स्टॅकपर्यंत ५१२ केबी मिळतात. प्रोजेक्टला तेवढं रग्गड झालं. फक्त एका वाचनात ६४ केबीची सीमा ओलांडू नकोस, जुने बायोस तिथे चूक देतात. लिंकरचा पत्ता त्याबरोबर बदल, नाहीतर कोड एकीकडे आणि त्यातले पत्ते दुसरीकडे.

एक एमबीच करायचं असेल तर तुकड्यातुकड्याने. खाली १०००० ला ३२ केबीचा बफर ठेव, त्यात वाच, प्रोटेक्टेड मोडमध्ये जाऊन तो तुकडा वर १००००० ला नेऊन ठेव, परत रिअल मोडमध्ये ये, पुढचा वाच. लिनक्सच्या बीझेडइमेजचा मुख्य भागही परंपरेने १००००० लाच ठेवला जाई. त्याच्या वर मेमरी नक्की किती आणि कुठे आहे हे इंट १५ च्या ई८२० ला विचार, गृहीत धरू नकोस.

आणि त्याआधी ए२०. मूळ ८०८६ ला पत्त्याच्या २० च तारा होत्या, एक एमबी ओलांडलं की पत्ता फिरून शून्यावर यायचा. १९८४ साली पीसी एटी आला, त्यात ८०२८६ होता आणि तारा २४. जुने प्रोग्राम त्या फिरून येण्यावर विसंबून होते, म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेला फाटक बसवलं, तेही कीबोर्ड कंट्रोलरच्या ताब्यात. फाटक बंद असेल तर तू १००००० ला लिहिलेला कर्नल थेट शून्यावर, इंटरप्ट व्हेक्टरांच्या डोक्यावर जाऊन बसेल.

---

होटगी_रोड

विषयांतराबद्दल माफी, पण देवनागरी फाँट कुठून आणला? मलाही हवाय.

---

कडक_भाकरी

हाताने काढला. काकांच्या कारखान्यात जॅकार्डच्या डिझाइनचे ग्राफ पेपर पडलेले असतात, त्यावर १६ बाय १६ चौकटीत एकेक अक्षर भरलं. एका अक्षराला ३२ बाइट. जोडाक्षरं फक्त लागतील तेवढीच आहेत, ‘स्क’ आहे, ‘ज्ञ’ नाही. चालत असेल तर व्यनि कर, फाइल देतो.

टर्बो काका, १०००० वर हलवलंय, बीएसएस पण शून्य करतोय. क्यूइमूत सगळं ठीक. रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा खऱ्या मशीनवर लावणार. आणखी काय बघू?

---

टर्बो_काका

डीएल रजिस्टरमध्ये बायोस ड्राइव्हचा नंबर देतो, तो पहिल्याच ओळीत जपून ठेव आणि वाचताना तोच वापर, ८० असं हाताने लिहू नकोस. डीएस, ईएस, एसएस स्वतः शून्य कर, बायोसने त्यात काय ठेवलं असेल त्याचा नेम नाही. इंट १३ नंतर कॅरी फ्लॅग तपास, चूक असेल तर ड्राइव्ह रीसेट करून पुन्हा वाच. आणि त्या मशीनवर काकांची बिलं असतील तर त्यांची हार्डडिस्क काढून ठेव, दुसरी लाव. तुझा बूट सेक्टर तिच्या पहिल्या सेक्टरवर गेला तर पार्टिशन टेबलही जाईल.