भजनमंडळीसाठी पहिला मल्टीट्रॅक रेकॉर्डर कोणता घ्यावा?

प्रश्न : फोंड्याहून

नमस्कार. आमची पाच जणांची घरगुती भजनमंडळी आहे. मुख्य गायक, पेटी, पखवाज आणि झांज वाजवत मागून ओळ धरणारे दोघे, अशी आमची बैठक असते. चतुर्थीच्या दिवसांत हीच मंडळी घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये घेऊन आरत्या करते. आतापर्यंत आम्ही मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करत आलो. त्यात झांज आणि पखवाज इतके वरचढ होतात की अभंगाचे शब्द कळत नाहीत आणि नंतर एखादे वाद्य कमी किंवा अधिक करण्याची सोय राहत नाही. म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदवणारे एखादे यंत्र घ्यावे असे ठरले आहे. टॅस्कॅम कंपनीचा डीपी-०३एसडी आठ ट्रॅकांचा आहे असे वाचले. आम्ही पाचच जण असल्यामुळे तो पुरेल असे वाटते. संगणकावरच्या कामाचा आम्हांला विशेष सराव नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : म्हापशाहून

आपल्या गरजेला तो रेकॉर्डर पुरणार नाही आणि त्याचे कारण खरेदीपूर्वी नीट समजून घेणे आवश्यक आहे. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा ट्रॅकांचा असतो, म्हणजे यंत्रात एकूण किती आवाज वेगवेगळे साठवून एकत्र ऐकता येतात त्याचा. एका वेळी किती माइक स्वतंत्रपणे नोंदवता येतात हा आकडा निराळा असतो आणि बारीक अक्षरांत शोधावा लागतो. डीपी-०३एसडीमध्ये ट्रॅक ८ आहेत, पण एका वेळी २ च नोंदवता येतात. टॅस्कॅमचाच डीपी-००८ईएक्स आणि झूम कंपनीचा आर८ यांचेही तसेच आहे.

ही रचना चुकीची नाही. ती वेगळ्या कामासाठी केलेली आहे. टॅस्कॅमने १९७९ साली कॅसेटवर चार ट्रॅक नोंदवणारा पोर्टास्टुडिओ बाजारात आणला, तेव्हापासून या प्रकारच्या यंत्रांसमोर प्रामुख्याने घरी एकट्याने काम करणारा संगीतकार राहिला आहे. तो आधी गिटार नोंदवतो, मग ते हेडफोनवर ऐकत त्यावर गातो, मग तिसरे वाद्य चढवतो. त्याच्या गाण्याची लय ठरलेली असते, म्हणून हे जमते. आपल्या भजनात लय विलंबितातून हळूहळू चढत जाते, गजराला ती किती चढवायची हे गायक आणि पखवाजवादक एकमेकांकडे पाहून त्या क्षणी ठरवतात. पखवाज आज आणि गाणे उद्या असे केले तर सूर आणि ताल जुळतील, पण बैठकीचा जीव त्यात उतरणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे एकाच वेळी किमान चार माइक वेगळे नोंदवणारे यंत्रच पाहावे.

माझी पहिली शिफारस झूमच्या एच६ ची आहे. त्याला चार माइक जोडता येतात, चारही ठिकाणी कंडेन्सर माइकला (विजेवर चालणाऱ्या संवेदनशील माइकला) लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या तारेतूनच जाणारी वीज, मिळते आणि वर बसवलेल्या स्टिरिओ माइकचे दोन ट्रॅक धरून एकूण सहा ट्रॅक एकाच वेळी उतरतात. मुख्य गायक, पेटी, पखवाज आणि कोरस यांना चार माइक द्यावेत आणि वरचा माइक संपूर्ण बैठकीसाठी ठेवावा. त्याची एक उणीव आहे : प्रत्येक ट्रॅकला आवाज कमी-अधिक करणारा सरकता फेडर नाही, त्यामुळे मिक्सिंग, म्हणजे सर्व ट्रॅकांचे आवाज जुळवून एकत्र करणे, प्रत्यक्षात संगणकावरच करावे लागते. संगणक पूर्णपणे टाळायचा असेल, तर एका वेळी ८ माइक घेणारा टॅस्कॅमचा डीपी-२४एसडी पाहावा. तो आकाराने मोठा आणि महाग आहे, पण मिक्सिंग त्याच्यावरच पूर्ण होते.

उत्तर : डिचोलीहून

वरील मताचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी घरी नाट्यपदे दोन इनपुटच्या यंत्रावर नोंदवतो आणि ती जिवंत वाटतात. त्यासाठी आधी पेटी आणि तबला एकत्र नोंदवावेत, मात्र त्या वेळी गायकाने शेजारच्या खोलीत बसून, दार किंचित उघडे ठेवून, प्रत्यक्ष गायले पाहिजे. त्याचा आवाज माइकमध्ये जवळजवळ येत नाही, पण वादकांना लय आणि जागा कळत राहतात. नंतर गायकाने कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून तेच गाणे स्वतंत्र ट्रॅकवर म्हणावे. यामुळे शब्द अतिशय स्वच्छ मिळतात. नाट्यपदाला आणि एकट्याने गायच्या अभंगाला ही पद्धत उत्तम आहे. पाच जणांच्या गजराला ती अपुरी पडेल, हे मात्र मला मान्य आहे.

उत्तर : पेडण्याहून

रेकॉर्डर कोणताही घेतला तरी माइक कोठे ठेवला यावर अर्धे यश अवलंबून असते. एकाच खोलीत सर्व जण बसले की प्रत्येक माइकमध्ये इतरांचा आवाज शिरतो आणि झांज तर सगळीकडे शिरते. यावर साधा उपाय असा की गायकाला शुअर एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) आणि डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणारा) माइक द्यावा आणि झांजवाल्यांना त्याच्या शेजारी न बसवता समोर, म्हणजे माइकच्या पाठीकडे बसवावे. हा माइक पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो. माइक वाद्यापासून एक फुटावर असेल, तर शेजारचा माइक त्या माइकपासून किमान तीन फूट दूर असावा.

घुमटाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. त्याचे बोल चामड्याच्या तोंडावर उमटतात, पण त्याचा घुमारा दुसऱ्या टोकाच्या लहान उघड्या तोंडातून बाहेर पडतो आणि वादक तळहाताने ते झाकत-उघडत नाद बदलतो. माइक केवळ चामड्यासमोर ठेवला, तर घुमट कोरडे आणि टणत्कारी ऐकू येते. एकच माइक असेल, तर तो थोडा दूर, दोन्ही तोंडांचा आवाज पोहोचेल असा बाजूने ठेवावा. उघड्या तोंडाच्या अगदी समोर तो नसावा, कारण तेथून येणारी हवा थेट माइकवर आदळते. घुमट हे २०१९ पासून गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित आहे. त्याचा खरा नाद घराघरांत नीट नोंदवला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता : फोंड्याहून

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या भाच्याकडे लॅपटॉप आहे आणि मिक्सिंग शिकून घ्यायला तो तयार आहे, म्हणून एच६ घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. दोन शंका आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्याचे काय करावे? आणि मेमरी कार्ड किती मोठे लागेल?

उत्तर : म्हापशाहून

एच६ चार डबल ए पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेल्याने मुद्रण थांबणार नाही. मात्र कंडेन्सर माइक जोडले की सेल लवकर उतरतात, म्हणून भजन सुरू होण्यापूर्वी नवे सेल घालावेत आणि एक संच जवळ ठेवावा. सेल मुद्रण चालू असताना संपू देऊ नयेत. फाइल नीट बंद न झाल्यास ती उघडत नाही, असे होऊ शकते.

२४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी लागतात. सहा ट्रॅकांच्या एका तासाला साधारण २.९ जीबी धरावेत, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर दहा तासांहून अधिक मुद्रण मावते. तरीही प्रत्येक बैठकीनंतर फाइली लॅपटॉपवर आणि शिवाय एका वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात. यंत्र आणि माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत जोडण्या गंजतात आणि मग मुद्रणात खरखर येऊ लागते. पुड्या ओलावा धरून निकामी होतात, म्हणून जून ते सप्टेंबर त्या अधूनमधून बदलाव्यात.