व्यापारी तोच, फर्म नवी. संबंध ऑनलाइन कसा काढावा?

कपाशीवाला_घाटंजी
नमस्कार मंडळी. मागच्या सीझनले आम्ही गावातल्या पाच-सहा जणांनी खेडा खरेदीवाल्याले (गावातच येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याले) कापूस देला, अर्धा चुकारा (मालाचे पैसे) भेटला, बाकीच्यासाठी गाठी विकल्या की देतो देतो करत राह्यला अन् मंग फोनच बंद. आता त्याच शेडवर नवा बोर्ड लागला, गादीवर त्याचा साळा बसते अन् म्हणते जुन्या पार्टीशी आपला काही संबंध नाही. मुनीम तोच, काटा तोच बाप्पा! हे कोण कोणाचे, कोणाच्या नावावर कोणती फर्म, हे कुठं पाह्यता येते का? जुनी काटापट्टी (वजनाची पावती) आहे, त्यावर जीएसटी नंबर छापेल आहे.

हिशोबवाला
नंबर आहे तं अर्धं काम झालं भाऊ. 15 अक्षरांचा असते तो, पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र, त्याच्यापुढचे 10 म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर पी असलं तं एकट्या माणसाचा धंदा, एफ असलं तं भागीदारी, एच म्हणजे एकत्र कुटुंब, सी म्हणजे कंपनी. आता नव्या बोर्डावरचा नंबर घ्या (लावाच लागते बोर्डावर) अन् मधले दहा अक्षरं जुन्याशी जुळवा. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकला की खरं नाव, धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता सगळं दिसते. नोंदणी चालू आहे का रद्द, तेही.

राळेगावकर
पॅन वेगळा निघन, लिहून घ्या. साळ्याच्या नावानं काढली म्हणजे विचार करूनच काढली असन 😄
ई-कोर्ट्सवर (कोर्टाच्या केसेस पाह्याची सरकारी साइट) जिल्हा, कोर्ट अन् वर्ष निवडून त्याचं नाव टाका, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेनं टाकून पाहा. चेक बाउन्सच्या केसेस असल्या तं दिसतीन. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असन तं एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर डायरेक्टर सापडते, साधी भागीदारी तिथं नाही भेटत. अन् शेडचा गट नंबर माहीत असन तं महाभूलेखवर (जमिनीच्या नोंदीची सरकारी साइट) सातबारा काढा, इतर हक्कात बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) दिसते.

वकीलसाहेब_नव्हे
हे सगळं बरोबर पण साळा आहे एवढ्यानं तो देणं लागत नाही. जुन्याचं देणं जुन्यावरच. तुमचं खरं हत्यार तुमचं पासबुक आहे, अर्धा चुकारा आला तेव्हा आरटीजीएस (बँकेतून बँकेत येणारे पैसे) कोणाच्या नावानं आला ते पाहा. बरेचदा काटापट्टी एका फर्मची अन् पैसे तिसऱ्याच खात्यातून येतात, तिथं संबंध कागदावर येतो. चेक देला होता का? बाउन्स झाला असन तं बँकेचा मेमो भेटल्यापासून 30 दिवसांत नोटीस लागते. नाहीतर दिवाणी वसुलीचा दावा टाकाले 3 वर्षांची मुदत. बाजार समितीत लेखी तक्रार वेगळी करा, पोच घ्या. अन् त्याच्या बायकापोरांचे फोटो ग्रुपवर फिरवू नका, उलटी केस तुमच्यावरच होईन.

कपाशीवाला_घाटंजी
राळेगावकर म्हणे तसंच, पॅन वेगळा. पण पत्ता अक्षर न् अक्षर तोच, अन् जुनी नोंदणी रद्द झाल्यावर लगेच नवी झाली. पासबुकात तं पैसे या नव्यावाल्याच्याच नावानं आलेत! चेक नव्हता. आता बाकीच्यांचे पासबुकं गोळा करून राह्यलो, सोमवारी सगळे मिळून समितीत जातो. एकच अर्ज करावा का ज्याचा त्यानं?

वकीलसाहेब_नव्हे
ज्याचा त्यानं, पण एकाच दिवशी. झेरॉक्स जोडा, ओरिजिनल हातचे सोडू नका.