१९९२ची मियाटा, १.६ इंजिन: घरच्या गॅरेजात सुपरचार्जर बसवायचाय, सल्ला हवा

मिशिगनचा नाशिककर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९२ची माझदा मियाटा आहे. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, १,१८,००० मैल रनिंग. हिवाळ्यात ती गॅरेजात झाकून ठेवतो, एप्रिल ते ऑक्टोबर चालवतो. गाडी मला जीव की प्राण आहे, पण चढावर आणि हायवेला शिरताना पिकअप कमी पडतो. कंपनीचे ११६ हॉर्सपॉवर, त्यातले आता किती उरलेत कोण जाणे.

जवळच्या गावात एक गृहस्थ जॅक्सन रेसिंगचं जुनं किट विकतायत. ईटनचा एम४५ ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप), ब्रॅकेट, पुल्या, वरून जाणारी नळी आणि इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर. १,८०० डॉलर मागतायत. गोटी पाने, टॉर्क रेंच, जॅक स्टँड सगळं माझ्याकडे आहे. टायमिंग बेल्ट आणि क्लच मी स्वतः बदललाय. किट घेऊ का? घेतलं तर सुरुवात कुठून करू? इथे गाडीची वार्षिक तपासणी नसते, त्यामुळे ती अडचण नाही.

ऑस्टिनवाला

दादा, हेच काम मी नऊ वर्षांपूर्वी १९९१च्या गाडीवर केलंय. एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्लोअर बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. शनिवार-रविवारात होतं. खरं काम म्हणजे पेट्रोल, ठिणगी आणि उष्णता सांभाळणं. ते आधी करा, ब्लोअर सगळ्यात शेवटी.

माझं काय झालं ते सांगतो. मी किट आलं तसं बसवलं, त्याच रेग्युलेटरवर. बूस्ट, म्हणजे ब्लोअरने चढवलेला हवेचा दाब, वाढला की रेग्युलेटर इंधनाचा दाब वाढवतो आणि इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल ढकलतो. पण मूळच्या कॉम्प्युटरला यातलं काहीच माहीत नसतं. १.६च्या गाडीत हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. झडप पूर्ण उघडली की पुढे कितीही हवा येवो, कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. ऑगस्टमध्ये, ३८ अंशांच्या उन्हात, मी चौथ्या गिअरमध्ये चढावर पेडल पूर्ण दाबलं. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, जेमतेम दोन सेकंद. घरी येईपर्यंत मागून निळा धूर. हेड उतरवलं तर दुसऱ्या पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड नखाएवढी तुटून पडलेली. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर मी आधीच विकत आणला होता, तो खोक्यातच पडून होता. लावला असता तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. आधी वाइडबँड. मग मेगास्क्वर्ट, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, मोठे इंजेक्टर, आणि तो झडपेचा मीटर काढून त्याच्या जागी मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब आणि हवेचं तापमान मोजणारे सेन्सर. एवढं करून दोन महिने गाडी ब्लोअरशिवाय चालवली. थंडीत सुरू होते का, सिग्नलला बंद पडते का, सगळं नीट करून घेतलं. मग ब्लोअर. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२च्या दरम्यान ठेवलं, आणि बूस्टच्या दर पीएसआयमागे (हे दाबाचं एकक) ठिणगी साधारण एक अंश मागे घेतली. प्लग एक नंबर थंड, म्हणजे एनजीकेचे बीकेआर७ई, आणि गॅप १.१ मिलिमीटरवरून ०.८. दाबाखाली ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून गॅप कमी. पेट्रोल फक्त ९३ ऑक्टेनचं. डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकाशी ९८चे १३४ हॉर्सपॉवर झाले. आजही तेच इंजिन आहे.

आणि हो, मेगास्क्वर्ट लावलात की टायमिंग लाइटने प्रत्यक्ष बघा. स्क्रीनवर ठिणगीचे दहा अंश दिसतात म्हणून पुलीवर दहाच असतील असं नाही. हेडच्या मागचा सेन्सर एका १२च्या बोल्टवर फिरतो. कुणी कधी फिरवून ठेवला असेल तर तुमचा ठिणगीच्या वेळेचा सगळा तक्ता तेवढ्याच अंशांनी चुकणार.

सांगलीचा फिटर

मी मोटारींतला माणूस नाही. सांडपाणी प्रकल्पावर ट्विन लोब, म्हणजे दोन रोटरचे, ब्लोअर बघतो, पण तुमचा ईटन त्याच घराण्यातला. अमेरिकेत इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, ते काही मोटारीसाठी नव्हतं, मोटार तेव्हा कुठे होती. भट्ट्यांना आणि खाणींना हवा द्यायला हे यंत्र वापरात आलं. गाडीच्या इंजिनावर ते बऱ्याच नंतर चढलं.

जुना ब्लोअर घेताना हाताने बघायच्या गोष्टी सांगतो. पुली बोटांनी हळू फिरवा. रोटर गुळगुळीत फिरले पाहिजेत, कुठे घासता कामा नयेत. तोंडातून बॅटरी मारून रोटरच्या कडा बघा. एकमेकांना लागल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर सोडून द्या. मग पुली पुढे-मागे किंचित हलवा. रोटर न हलता पुलीच मोकळी हलत असेल तर आतला कपलर (पुली आणि रोटर जोडणारा तुकडा) झिजलाय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तो बदलता येतो, पण किंमत त्या हिशोबाने पाडून घ्या. गिअरच्या डब्यात तेल वेगळं असतं, इंजिनाचं नव्हे. जनरल मोटर्सच्या पार्टच्या दुकानात सुपरचार्जरचं तेल चार औंसांच्या बाटलीत मिळतं. भयंकर वास येतो, पण तेच घाला. आणि काही झालं तरी रोटर खोलून बसू नका. तिथली फट केसाएवढी असते.

ऑस्टिनवाला

फिटरसाहेब, हे फार उपयोगी लिहिलंत. माझा ब्लोअर सिग्नलला खडखडायचा तो कपलरच होता. मी महिनाभर बेअरिंग समजून चिंतेत होतो.

पुण्याहून

बूस्ट नक्की किती येतो? आणि हे स्विफ्टला बसवता येईल का?

ऑस्टिनवाला

एम४५ दर फेऱ्याला ४५ घनइंच, म्हणजे ०.७४ लिटर हवा ढकलतो. १.६चं इंजिन एका फेऱ्यात फार तर ०.८ लिटर ओढतं. इंजिनाच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे दोन धरले तर तो १.४८ लिटर पुढे करतो. त्यातली काही गळून मागे जाते, उरलेली मॅनिफोल्डमध्ये कोंबली जाते. तोच बूस्ट, साधारण ६ पीएसआय. पुली लहान केली की वाढतो, आणि सगळ्यांचं बिघडतं ते तिथेच.

कारण उष्णता. ६ पीएसआयला दाब १.४ पट होतो. ब्लोअर अगदी आदर्श असता तरी २५ अंशांची हवा ३० अंशांनी तापली असती. हा जुना ईटन निम्म्याहून थोडा जास्त कार्यक्षम धरा, म्हणजे वाढ पन्नासच्या वर जाते. त्यात या किटमध्ये ब्लोअर एक्झॉस्टच्या बाजूला बसतो. दाब १.४ पट झाला तरी हवा तेवढी घट्ट होत नाही ती यामुळे. शिवाय तापलेली हवा म्हणजे नॉकिंगला, मिश्रण आपोआप पेटून होणाऱ्या त्या खिळ्यांच्या आवाजाला, आमंत्रण. हे नळीतल्या तापमानाच्या सेन्सरवर रोज दिसतं.

भारतातलं मला वाटतं तसं स्पष्टच सांगतो: स्विफ्टला नको. तिचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) मुळातच जास्त, मियाटाचं ९.४. आणि कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी काय करेल ते वेगळंच. ही हौस ट्रॅकच्या गाडीवर करा.

सॅन होजेकर

मिशिगनमध्ये तपासणी नाही म्हणून नाशिककरांचं निभेल, पण प्रदूषण यंत्रणेशी छेडछाड केंद्रीय कायद्यानेही चालत नाही. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जागचा हलवू नका. कॅलिफोर्नियात तर एअर बोर्डाचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) मंजुरी क्रमांक असलेलंच किट लागतं. तो क्रमांक नसला तर स्मॉग चाचणीवाला बॉनेट उघडून नुसता बघूनच नापास करतो. माझी गाडी अशीच परत आली. शेवटी सगळं उतरवलं.

ऑस्टिनवाला

नाशिककर, दोन गोष्टी राहिल्या. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला मध्यभागी किती खाचा आहेत ते बघा. चार असतील तर आखूड नाकाचा क्रँक. त्यात चावीची खाच ढिली होऊन क्रँकच जातो, त्यावर ब्लोअरचा पट्टा लावू नका. आठ असतील तर निश्चिंत राहा. दुसरं म्हणजे रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी. मूळची काळी असते. हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती कधीही फुटते.

पट्टा लावण्याआधी क्रँकच्या आणि ब्लोअरच्या पुलीवर पोलादी पट्टी टेकवून बघा. माझ्या गाडीत दोन मिलिमीटर फट होती. आठवड्यात पट्ट्याची काळी भुकटी बॉनेटच्या आतून चिकटली होती. ब्रॅकेटखाली वॉशर घालून फट काढली, मग किंचाळणंही थांबलं.

आणि सगळ्यात आधी कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेडल पूर्ण दाबलेलं. आकडे इथे टाका.

मिशिगनचा नाशिककर

मंडळी, मनापासून आभार. काल दिवसभर गॅरेजातच होतो.

कॉम्प्रेशन १८२, १७८, १८०, १७५ पीएसआय. खाचा आठ. रेडिएटरची टाकी मात्र शेवाळी रंगाची झालीय. अंगठ्याने दाबली तर गळ्याजवळ बारीक चीर दिसली. तीन वर्षं रोज बघतोय आणि मला वाटायचं रंगच तसा आहे. नवा रेडिएटर मागवलाय.

फिटरसाहेबांनी सांगितलं तसा ब्लोअर हाताने फिरवून बघितला. रोटर स्वच्छ, घासल्याची एकही रेघ नाही, पण पुली बोटभर मोकळी हलते. विकणाऱ्यांना दाखवलं, त्यांनी १,५५०ला दिला. कपलर आणि तेल सांगून ठेवलंय.

आता ब्लोअर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलाय. आधी वाइडबँड, मग मेगास्क्वर्ट, आणि जूनपर्यंत गाडी तशीच चालवेन. रेग्युलेटर लावणार नाही. ऑस्टिनवाले, १.६ला इंजेक्टर किती सीसीचे घेतलेत आणि कनेक्टर तेच चालले की बदलावे लागले, तेवढं सांगा. म्हणजे ऑर्डर एकदमच टाकतो.