'पिच' म्हणजे आट्याची उंची? टर्नरच्या नोट्ससाठी शब्द हवा आहे

प्रश्न — टर्नर_निदेशक

नमस्कार. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथ यंत्रावर धातू फिरवून कापायचं काम, शिकवते. माझी बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून गेल्या जूनपासून त्यांच्यासाठी मराठीत नोट्स लिहायला घेतल्या. लेथ, चक, टॅप, डाय हे शब्द तसेच ठेवले, त्यांना कुणी अडत नाही. अडलं ते आट्याच्या, म्हणजे बोल्टवर गोल फिरत जाणाऱ्या खाचेच्या, 'पिच'पाशी.

मागच्या महिन्यात एका मुलाला एम १० चा, म्हणजे १० मिमी व्यासाचा, १.५ मिमी पिचचा आटा पाडायला दिला होता. त्यात कापायचं टूल एकूण साधारण ०.९२ मिमी आत जायला हवं. त्याने पूर्ण दीड मिमी आत घातलं. आट्याच्या मुळाशी व्यास आठ मिमीच्या थोडा वर राहायचा, तो सातवर आला. जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, वाया गेला. विचारलं तर त्याने वही पुढे केली. त्यात लिहिलेलं: 'पिच म्हणजे आट्याची उंची.' कुठल्याशा जुन्या झेरॉक्स नोट्समधून उतरवून घेतलेलं. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशात पिचपुढे 'उंची' पाहिली असेल आणि तीच लिहिली असेल. मुलगा मन लावून काम करणारा आहे. जे वाचलं ते त्याने तंतोतंत पाळलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, पिच म्हटलं की काय आठवतं? जवळजवळ सगळे म्हणाले क्रिकेट. भजनी मंडळात गाणारी एक मुलगी म्हणाली, पेटीची पट्टी. एकाचा मामा लग्नात एलईडी स्क्रीन लावतो. तो म्हणाला, पी ३ चा स्क्रीन म्हणजे ३ मिमी पिच. 'उंची' कुणाच्याही तोंडून आली नाही, आणि आट्यातलं अंतर तर नाहीच.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या सगळ्या पिचांच्या मागे एखादा मूळ अर्थ आहे का, जो सांगितला की मुलांच्या मनात पक्का बसेल? आणि नोट्समध्ये मराठी शब्द कोणता लिहू?

प्रतिसाद — उद्यमनगरचा_लेथवाला

मॅडम, कोल्हापुरात उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा आहे. मूळ अर्थाचं जाणकार सांगतील, मी कामाचं सांगतो.

त्या स्क्रीनवाल्या पोराला आधी शाबासकी द्या. वर्गात आट्याच्या सगळ्यात जवळ तोच होता. पी ३ म्हणजे शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३ मिमी. आट्याचं तेच, एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत, बोल्टच्या लांबीच्या दिशेने मोजायचं. सायकलच्या चेनचं तेच, पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. रिव्हेट मारतात त्यांचंही तेच. एकसारख्या वस्तू ओळीने असल्या की शेजारच्या दोघींमधलं अंतर म्हणजे पिच. पोरांना सायकलची चेन हातात देऊन मोजायला लावा, उंचीचं नावही निघणार नाही.

आमच्याकडे जुनी माणसं अजून 'चार सुती बोल्ट' म्हणतात, म्हणजे अर्ध्या इंचाचा. त्या जुन्या व्हिटवर्थ, म्हणजे इंचाच्या मापाच्या ब्रिटिश आट्यात पिच कुणी सांगत नाही, इंचाला आटे किती ते सांगतात. अर्ध्या इंचाला बारा. पिच हवं तर २५.४ ला १२ ने भागायचं, २.११७ मिमी येतं. मेट्रिक बोल्टवर सरळ मिमीतच असतं. नवीन पोरगं इथेच चुकतं. १२ ऐकलं की मोठा आकडा म्हणून जाड आटा समजतं, आणि असतं उलटं. इंचाला आटे जितके जास्त तितकं पिच बारीक.

अजून एक. एम १० चा बोल्ट दीडच्या पिचमध्येही मिळतो आणि सव्वाच्याही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. सव्वाच्या बोल्टवर दीडचा नट पाना लावून दाबून फिरवला की दोन्हींचे आटे मेले. त्यामुळे पिच गेज, म्हणजे वेगवेगळ्या पिचचे दाते असलेल्या पानांचं माप, लावल्याशिवाय नट उचलायचा नाही, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावा. गेजचं पान आट्यात ठेवून उजेडासमोर धरायचं. फट दिसली की पान बदलायचं.

प्रतिसाद — काळी_पाच

ताई, मी गाणं शिकवते आणि भाषेचा अभ्यास हा माझा जुना छंद आहे. मूळ अर्थाबद्दल लिहिते.

इंग्रजीत पिच हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, लिहिताना सारखे दिसतात एवढंच. एक डांबरासारख्या काळ्या चिकट पदार्थाचा. तो लॅटिनमधल्या 'पिक्स'वरून आला. लाकडी जहाजांच्या फटी याच पिचने बुजवत. ज्या खनिजातून मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधले, त्या पिचब्लेंडच्या नावातही हाच काळा पिच आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये या पिचचा एक गोळा काचेच्या नरसाळ्यात भरला गेला. हातोडीने फुटणारा हा पदार्थ तिथे इतक्या हळू गळतो की एका थेंबाला वर्षानुवर्षं लागतात. मला हा प्रयोग फार आवडतो, म्हणून लिहिला. तुमच्या आट्याशी त्याचा काही संबंध नाही, ते मुलांना स्पष्ट सांगा.

दुसरा पिच म्हणजे रोवणे, खुपसणे. तंबू पिच करतात तो हाच, स्टंप रोवतात ती क्रिकेटची जागाही हीच. जिथे रोवलं ते ठिकाण, मग किती वर रोवलं ती पातळी, असा अर्थ पसरत गेला. छपराचा उतार आणि सुराची पातळी या बाजूच्या आहेत. तुमच्या त्या भाषांतरकाराने हीच पातळीची बाजू उचलली आणि आट्याला चिकटवली.

गाण्यात आपल्याकडे पिचसाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. 'तुमची पट्टी कोणती?' एवढं विचारलं की पुरतं. कुणी काळी एक सांगतं, कुणी पांढरी चार. षड्ज, म्हणजे सा, त्या पट्टीवर ठेवला की तंबोरा, तबला सगळे तिथे जुळतात. शाळेच्या विज्ञानात याला ध्वनीची उच्चनीचता म्हणतात. कंपनं दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. हे अंतर नाही, कंपनांची संख्या आहे. तुमच्या भजनातल्या विद्यार्थिनीला एवढा फरक सांगितला तरी पुष्कळ.

आणि पाहा, क्रिकेटच्या २२ यार्डांनाही आपण खेळपट्टीच म्हणतो. पेटीची पट्टी आणि खेळपट्टी, दोन्हीकडे पट्टी. हा योगायोग मराठीतला आहे, इंग्रजीतून आलेला नाही. त्यामुळे मुलांना तो मूळ अर्थ म्हणून सांगू नका.

प्रतिसाद — दुपाखी

कोकणात घरं बांधतो. नकाशावर पिच लिहिलेलं असतं, सुतार मात्र 'उतार किती?' असंच विचारतो. आडव्या बारा फुटांना चार फूट चढ म्हटलं की आढ्यापासून वासे कसे पडणार ते त्याला कळतं. ते साधारण साडेअठरा अंश होतात. आमच्या पावसात कौलांना याहून जास्त उतार लागतो, नाहीतर वाऱ्याने पाणी कौलाखाली शिरतं. इथे पिच हे प्रमाण आहे, मिमीतलं अंतर नाही. तुमच्या नोट्समध्ये हा अर्थ घेऊ नका.

टर्नर_निदेशक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सायकलची चेन आणि पिच गेज दोन्ही वर्गात नेलं. ज्या मुलाचा जॉब वाया गेला होता त्यालाच आधी मोजायला दिलं. चेनच्या दहा पिना मोजून तो म्हणाला, 'मॅडम, पिना दहा पण मधली अंतरं नऊच.' हे मी सांगितलं नव्हतं. मग मायक्रोमीटर काढला. त्याच्या स्क्रूचं पिच अर्धा मिमी, थिंबलवर, म्हणजे फिरवायच्या नळीवर, पन्नास भाग, म्हणून एक भाग ०.०१ मिमीचा. वर्षभर पाठ म्हटलेला लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आला.

नोट्समध्ये 'पिच' शब्द ठेवला आणि पुढे लिहिलं: 'आटांतर, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं, अक्षाला समांतर मोजलेलं अंतर.' फ्लाय प्रेसच्या, म्हणजे हाताने फिरवून दाब देणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूला दोन-तीन आटे एकत्र असतात तिथे लीड येतं. त्याला काय म्हणू?

उद्यमनगरचा_लेथवाला

आटांतर चांगलं आहे, मला पटलं. लीडला आम्ही 'एका फेऱ्यात किती सरकतो' असंच विचारतो. दुहेरी आटा असला तर पिचच्या दुप्पट, तिहेरीला तिप्पट. 'एक-फेरा सरक' लिहा. आणि खाली आकृती काढाच, दोन आटे दोन रंगांत.