अलोकेशन म्हणजे ‘वाटप’ का?

राजारामपुरीतून: लिनक्सच्या कर्नल ड्रायव्हरवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा कोड) मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. ‘मेमरी अलोकेशन’ला ‘स्मृतिवाटप’ लिहू का? वर्गात कुणी तसं बोलत नाही, पण छापायचं म्हटलं की हात आखडतो.

शिरोलीहून: वाटप करतो कर्नल. ड्रायव्हर लिहिणारा केमॅलॉक या कर्नलच्या फंक्शनकडं जागा मागतो, आणि ती मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर हातात नल, म्हणजे रिकामा पत्ता, येतो. न तपासता वापरला की कर्नल आडवा. आम्ही सरळ ‘मेमरी घेतली’, ‘मेमरी सोडली’ म्हणतो. मागताना अटही सांगावी लागते, तिला फ्लॅग म्हणतात. ‘जीएफपी कर्नल’ दिलं तर जागेची वाट बघत कोड झोपू शकतो. इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे उपकरणानं हाक मारली की लगेच चालणाऱ्या कोडमध्ये, झोपून चालत नाही, तिथं ‘जीएफपी ॲटॉमिक’.

कागलहून: आणि केमॅलॉक देतो त्या ‘व्हॉइड पॉइंटर’ला (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता) ‘शून्य पॉइंटर’ तेवढं लिहू नका राव. शून्य तो नल. व्हॉइडमध्ये पत्ता असतो, तिथं काय ठेवायचं ते ठरलेलं नसतं. सातबाऱ्यातला नमुना सात भरलाय, बारा कोरा. केमॅलॉकला क्षेत्र कळतं, इतके बाइट. पीक कुठलं ते ठाऊक नाही. सी भाषा तो पत्ता कुठल्याही स्ट्रक्टच्या (अनेक गोष्टी एकत्र बांधलेल्या टाइपच्या) पॉइंटरात बिनतक्रार घालू देते. म्हणून आकार सांगणाऱ्या साइझऑफमध्ये स्ट्रक्टचं नाव न लिहिता तारा (*) लावून पॉइंटरच लिहायचा. नाहीतर उद्या पॉइंटरचा टाइप बदलला, साइझऑफमधलं नाव जुनंच राहिलं आणि नवा स्ट्रक्ट मोठा निघाला, की तुमचं लिहिणं शेजाऱ्याच्या रानात.

राजारामपुरीतून: ‘टाइप चेकिंग’ला ‘प्रकार तपासणी’ चालेल ना? कंपायलर करतोच की ती.

शिरोलीहून: सगळी नाही करत. केमॅलॉकला आधी आकार द्यायचा, मग फ्लॅग. सी कंपायलरच्या लेखी दोन्ही पूर्णांक. उलटे दिले तरी गप्प. ओरडतं ते स्पार्स, म्हणजे कोड तपासणारं टूल, लिनस टोरवाल्ड्सनी 2003 मध्ये लिहायला घेतलेलं. फ्लॅगचा टाइप कर्नलनं ‘बिटवाइज’ अशी खूण करून वेगळा काढलाय, स्पार्स तिथं साधा आकडा खपवून घेत नाही. कर्नल बांधणाऱ्या ‘मेक’ या कमांडला ‘सी=1’ दिलं की स्पार्स चालतं. यूजर-स्पेसचा, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीतला, पत्ता थेट वापरला तरी पकडतं, फक्त त्या पॉइंटरवर तशी खूण हवी.

कागलहून: ‘प्रकार’ नको. आपल्याकडं ‘काय प्रकार आहे?’ म्हटलं की भानगडच डोळ्यापुढं येते. टाइपच ठेवा.

राजारामपुरीतून: ठरलं. टाइप तसाच, आणि मेमरी घेणे, सोडणे.

शिरोलीहून: नावाची सुरुवात ‘डेव्हएम’नं होणाऱ्या फंक्शननी घेतलेली मेमरी मात्र आपण सोडत नाही. ड्रायव्हर डिव्हाइसपासून वेगळा झाला की ती आपोआप सुटते. तिथं ‘सुटणे’ लिहा.