वसंतात दिनचर्येत नक्की काय बदलायचं?

चिंचवडकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. दिवाळीपासून सकाळी तिळाचं तेल लावून कढत पाण्याने आंघोळ, नाश्त्याला डिंकाचा लाडू आणि कपभर दूध, रात्री जेवताना वाटीभर दही असा माझा क्रम छान चालला होता. होळी झाली आणि सगळं बिनसलं. सकाळी अंग जड, घशात चिकट कफ, अकरा वाजले तरी भूक नाही, दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या. त्यात ग्रुपवर फॉरवर्ड आला: तेल बंद, उटणं चालू, मधाचं पाणी, नाकात तेल आणि मिठाचं पाणी पिऊन घरच्या घरी वमन! इकडे सासूबाईंनी पाडव्यासाठी दीड किलो चक्का सांगून ठेवलाय. वय ४४, शुगर सीमारेषेवर, साडेआठची बस. यातलं खरं किती आणि मला झेपणारं किती?

बाकरवडीप्रेमी
चक्क्याची काळजी करू नका, आम्ही येतो. बाकीचं जाणकार सांगतील.

सोलापुरी वैद्य
ताई, आधी वमनाचं. घरी मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढू नका. वसंतात वमन सांगितलंय हे खरं, पण त्याआधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि शेकून घाम काढणं) असतं, नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर यायचं असतं. ते वैद्याच्या देखरेखीखालीच.

तुमच्या तक्रारी आयुर्वेदाचार्य वाग्भटाने एका श्लोकात बसवल्यात: शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावतो. थंडीत लाडू जिरत होता कारण भूक तशी सणसणीत होती. आता भूकच नाही आणि वरून लाडू. तो थांबवा, तुमच्या शुगरलाही बरंच.

पण सगळं एका सोमवारी बदलू नका. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, हा ऋतुसंधी. जुनी सवय पावपाव करत सोडायची, नवी तशीच धरायची.

रात्रीचं दही मात्र आजच बंद. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त वसंत, ग्रीष्म, शरद या तिन्हींत दही नको म्हटलंय आणि रात्री तर कधीच नको. दुपारी जिरं-सुंठ घालून पातळ ताक घ्या. मधाचं पाणी शुगरमुळे तुम्ही सोडा. त्याऐवजी चिमूटभर सुंठ किंवा नागरमोथा घालून उकळलेलं पाणी घ्या, ग्रंथात तेही आहेच.

धान्य जुनं खा म्हणतात. आमच्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी नेमकी याच दिवसांत खळ्यावरून घरी येते आणि नव्या भाकरीवर सगळे तुटून पडतात. मग फाल्गुनात पोट जड झाल्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे रांग. गेल्या वर्षीची ज्वारी असेल तर ती आधी संपवा. नसेल तर नवी कढईत कोरडी भाजून दळून आणा. भाकरी चिरते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. सोबत मूग, पडवळ, कारलं, शेवगा.

उटणं दिवाळीपुरतं नसतं, त्याचा खरा मोसम हाच. मसूर डाळ जाडसर दळून घ्या, त्यात निम्मं त्रिफळा चूर्ण आणि थोडी हळद. बाथरूममध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभं राहा, नाहीतर मोरी तुंबते आणि घरात आयुर्वेदावरून भांडण होतं. कोरडंच, पायाकडून वर असं चोळा. पाच मिनिटांत होतं, साडेआठची बस चुकत नाही. तेल आठवड्यातून दोनदा, तेही भूक नीट लागलेली असेल तर.

नाकात अणुतेल या औषधी तेलाचे दोन-दोन थेंब चरकानेही वसंतात सांगितलेत. आभाळ स्वच्छ असताना घ्या. सर्दी वाहत असताना, जेवल्यावर लगेच किंवा डोक्यावरून आंघोळ केल्या केल्या नको.

व्यायाम निम्म्या ताकदीने. कपाळावर, काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं.

श्रीखंड खा हो, सणाला नाही म्हणू नये. आधी कडुलिंबाची फुलं, ओवा, मिरी, हिंग, भिजवलेली डाळ असा पाडव्याचा प्रसाद चावून खा. श्रीखंड दुपारी, जायफळ घालून, दोन चमचे. मग आडवं व्हायचं नाही. श्रीखंडापेक्षा त्यानंतरची झोप जास्त नडते.

रत्नागिरीकर
आमच्याकडे ज्वारी कुठली! दमट हवेत कफ आणखी चिकटतो. या दिवसांत रात्री कुळथाचं पिठलं आणि मऊ भात. पण एक विचारतो, वैद्यबुवा. वसंतात आंबट नको असं तुम्ही वैद्य लोक म्हणता, मग चैत्रगौरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ कशी चालते?

सोलापुरी वैद्य
पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. सुश्रुताने शोधनाच्या (वमनासारख्या शरीरशुद्धीच्या) हिशोबाने फाल्गुन-चैत्र धरलाय. सोलापूरच्या हवेला मला तोच पटतो. इथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कोरडं, तिखट खात बसलं तर माणूस मूळव्याध घेऊन येईल. म्हणून चैत्र उतरताना, ऊन भाजायला लागलं की पन्हं खुशाल घ्या आणि उटणं कमी करा. दुपारची झोपही ग्रीष्मात चालते. महिना बघू नका, अंगणातलं ऊन बघा.

टोरांटोची लेक
हे फार बरं सांगितलंत. आमच्याकडे गुढी उभारताना कधीकधी बाहेर बर्फ असतो आणि आई फोनवर विचारते, तेल सोडलंस का? हीटरने पायाच्या त्वचेला भेगा पडल्यात, सोडू कसं?

सोलापुरी वैद्य
सोडू नका. तुमचा शिशिर अजून चालू आहे. बर्फ वितळून सकाळी घसा भरल्यासारखा वाटू लागला की मग तुमचा वसंत. आईंना माझं नाव सांगा.

चिंचवडकर
खूप आभार. एक राहिलं, हाताला कोपराशी जुना इसब आहे. तिथेही उटणं चोळायचं का?

सोलापुरी वैद्य
नाही, ती जागा सोडून. इसब, जखम, पुरळ असेल तिथे कोरडं चूर्ण घासायचं नाही. आणि शुगर तपासून घ्या. जेवल्यावरची गुंगी दरवेळी कफाचीच असते असं नाही.